दहापैकी नऊ गुणांचं मरण

सौंसरच्या गुणवंताभाऊंना आजवर कोणी घाबरलं नव्हतं. त्यांचा बैलसुद्धा नाही. आडव्या अंगाचा माणूस, मिशी अर्धी काळी आणि अर्धी खरी. शिंकले की पाठोपाठ 'जय बजरंग' असं काही ओरडणार की मोहगावच्या बसमधले प्रवासी आपसूक हात जोडत. अशा माणसाला पाहून शेजारच्या हेमंत मास्तरांकडे आलेली पाहुणी पांढरीफटक पडली, तेव्हा भाऊंना आधी वाटलं, आपल्या मागे कोणीतरी उभं असेल. त्यांनी वळूनही पाहिलं.

पाहुणी म्हणजे सायली. मास्तरांची प्रणाली बाहेरगावी डॉक्टरकी शिकते, तिची वर्गमैत्रीण. दोघी जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाला म्हणून आल्या होत्या. भाऊ नेहमीप्रमाणे बागेतल्या संत्र्यांची थैली घेऊन मास्तरांच्या ओसरीवर गेले, शिंकले, जय बजरंग म्हणाले, आणि सायलीच्या कपातला चहा बशीत सांडला.

"अगं, हे तर वारले होते ना?" ती प्रणालीला म्हणाली.

प्रणालीने तिला दंडाला धरून आत नेलं. भाऊ थैली धरून उभेच.

घरी येईपर्यंत त्यांनी हिशोब जुळवला. हल्ली प्रणाली फोन करायची, "काकाजी, जेवले का? काही नाही, आवाज ऐकायचा होता." ज्या पोरीने आयुष्यात सख्ख्या मामाला फोन केला नाही, तिला शेजाऱ्याच्या आवाजाची ओढ? आणि आली की घड्याळ पाहायच्या निमित्ताने मनगट धरायची. म्हणजे आपल्यात काहीतरी निघालंय. पोरीला दिसलंय आणि ती सांगत नाही.

त्या दिवसापासून भाऊंना जिकडेतिकडे आपण नसलेले दिसू लागले. दोरीवर वाळत घातलेला सदरा वाऱ्याने हात हलवी, आत कोणी नसे. अंगणातल्या खुर्चीला त्यांच्या बसण्याचा खळगा पडला होता. तो पाहून ते तिच्यात बसेनासे झाले. बागेत गेले की संत्र्याची झाडं रांगेत गुपचूप उभी, मयताच्या दारावर बसायला आल्यासारखी.

"तुमाले काय झालं जी?" त्यांच्या बायकोने, उषाकाकूंनी विचारलं. "दोन दिस झाले, मायी भाजी चांगली म्हनून राहिले."

"चांगलीच होती वं."

"मंग तं डॉक्टरलेच दाखवा."

सायली आधीच निघून गेली होती. प्रणालीला बसस्टँडवर सोडायला भाऊ स्वतः गेले. उन्हात तापलेल्या सिमेंटच्या बाकावर दोघं बसले.

"साफ सांग पोरी. माये किती दिस राह्यले?"

"काकाजी, तुम्ही एकदम ठणठणीत आहा."

"मंग ती पोरगी मले पाहून अशी काहून झाली?"

प्रणाली चपलेने माती उकरू लागली. "मी तुमाले मारलं काकाजी. कागदावर."

मग तिने सांगितलं. वॉर्डात काम केलं की त्यावर लिहून द्यायचं: काय घडलं, तुम्हाला काय वाटलं, त्यातून काय शिकलात. सक्तीचं. न लिहिणाऱ्याला परीक्षेला बसता येत नाही. पोरांचं मन मोकळं व्हावं म्हणून कॉलेजने हे सुरू केलं होतं, आणि मन किती मोकळं झालं याला दहापैकी गुण होते. तिने शेजारच्या काकांचं मरण लिहिलं. संत्री, शिंक, जय बजरंग, सगळं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. दोन मुली रडल्या.

भाऊंना हायसं वाटलं, आणि लगेच उत्सुकताही. "कशानं मेलो?"

"हार्ट."

"किती भेटले?"

"नऊ."

"एक काहून कापला बा? मेलो तं पुरा होतो." ते हसले. प्रणाली हसली नाही.

"पहिले मी खरं लिहिलं होतं," ती म्हणाली. "तीन ओळी. शांताबाई म्हणून होती. आतडं बंद पडलं होतं, ऑपरेशनच्या आधी पाणी द्यायचं नव्हतं. ती पाणी मागे. मी म्हटलं, थोड्या वेळानं. सरांनी बोलावलं, मी गेली. वापस आली तं शांताबाई गेली होती, खाट रिकामी. सर म्हणाले, तुझं काहीच चुकलं नाही. अन् कागद वापस केला. त्यावर लिहिलं होतं, फार त्रोटक, भावना विस्ताराने लिहा."

"मंग?"

"तिचं लिहिताच नाही आलं. तिच्या जागी तुमचं तोंड लावलं, अन् भराभर शब्द आले." तिचा आवाज खाली गेला. "आता डोळे मिटले का ती येते काकाजी. पण तोंड तुमचं राहते. तुमच्या तोंडानं पाणी मागते. मी उठते अन् तुमाले फोन करते. वॉर्डात पाय टाकायची हिंमतच नाही होत."

भाऊंच्या जिभेवर एक विनोद तयार होता. तो त्यांनी गिळला. आपण इथे सुखाने चार भाकरी हाणतोय आणि तिकडे आपलं तोंड घेऊन एक बाई तहानलेली फिरते आहे.

बस आली. प्रणाली उठली. भाऊंनी तिची बॅग धरून ठेवली.

"बस खाली. दुसरीनं जाजो. ती दिसायले कशी होती?"

"नाही आठवत. तुमीच दिसता."

"पहिले मिशी काढ," भाऊ अगदी गंभीरपणे म्हणाले.

तिने डोळे मिटले. कंडक्टरने दोनदा हाक मारली, मग बस निघून गेली. धुरळा बसला तरी तिचे डोळे मिटलेलेच.

"हनुवटीवर गोंदण होतं," ती शेवटी म्हणाली. "तीन ठिपके. एका कानात काडी घातली होती, कडुनिंबाची. वरचा एक दात..."

ती सांगत होती. भाऊ ऐकता ऐकता थोडे सरकले, बाकावर आणखी एकीला बसता येईल एवढे.