बासष्टावा दात

मला दशांश समजावले ते दळवीकाकांनी. सातवीत शाळा सुटलेली, लग्न होऊन किनवटकडून डोंबिवलीत आलेली बाई आज कॉम्प्युटरवर साखळीची चाकं आखते, ती त्यांच्यामुळे. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहिताना हात थांबतो...

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी दहाला कोपरहून त्यांचा फोन. “दुसऱ्या चाकाचा पुठ्ठा कापून ठेव गं, साडेअकराला येतो.” मानपाड्याच्या आमच्या वर्कशॉपात मी पुठ्ठा कापला, साखळी गुंडाळली, शेवटची कडी मोकळी ठेवली. ती कडी नेहमी काकाच अंगठ्याने दाबून बसवायचे. साडेबाराला शेठ फोन हातात धरून आले. “काकांच्या सुनेचा फोन होता. जिन्यात बसले, ते उठलेच नाहीत.” मी म्हटलं, “असं कसं? साडेअकराला येतो म्हणालेत.” मी पुन्हा घड्याळ बघितलं. अजूनही बघते.

काका निवृत्त ड्राफ्ट्समन, आठवड्यातून तीन दिवस यायचे. मी तेव्हा कापलेल्या पत्र्याच्या धारा घासायचे आणि येता-जाता त्यांच्या स्क्रीनकडे बघायचे. एकदा म्हणाले, “उभी काय राहतेस, बस इथे.” बसले, ती दोन वर्षं.

माजिवड्याची चार मुलं नाल्यातला गाळ काढणारा रोबो बनवतायत, माणसाला आत उतरावं लागू नये म्हणून. त्याला परातीएवढी दातेरी चाकं हवी होती, तयार कुठे मिळेनात. प्रत्येकी बासष्ट दात. पहिलं चाक काकांनी माझ्यावर सोपवलं. दोन दातांमधला कोन पाच पूर्णांक आठ, पुढे शून्य, सहा आणि आणखी शेपूट. मी पाच पूर्णांक आठवर थांबले. शेपूट कोण बघतंय!

काकांचा नियम, धातूला हात लावण्याआधी चाक पुठ्ठ्यात कापायचं, त्यावर खरी साखळी चढवायची. मुलं हसायची, “काका, क्राफ्टचा तास का?” “हो रे, तू गम आण.” त्या दिवशी साखळी नीट बसत गेली, मग हळूहळू वर चढायला लागली. बासष्टाव्या दातावर तर अडूनच बसली.

“काका, शेवटचा दात बिघडलाय.”

“अगं, त्या बिचाऱ्याचा काय दोष? सगळ्यांनी थोडं थोडं चोरलं, पकडला गेला शेवटचा. प्रत्येक दात पहिल्यापासून मोज, शेजाऱ्यापासून नको.”

मला वाटलं, आता परत धारा घासायला पाठवणार! रडत सांगितलं, दशांश मला येतच नाहीत. तो कोरडा पुठ्ठा हातात धरूनच त्यांनी शेठना हाक मारली, “पुठ्ठा भिजला हो, ड्रॉइंग उद्या देतो.” आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्याच डब्यातल्या भाकरीचे दहा तुकडे केले, मग एका तुकड्याचे दहा...

काका गेल्यापासून तीन आठवडे दुसऱ्या चाकाचा पुठ्ठा तसाच टेबलावर होता. मुलांचे फोन येत होते. काल मी अंगठा ठेवला, दाबला. कडी बसली. टक्. मी मागे वळले, कुणी काही म्हणेल म्हणून...

ड्रॉइंगवर ‘तपासले’च्या चौकटीत, जिथे काका सही करायचे, तिथे मी सही केली. पुठ्ठा काकांच्या खुर्चीमागे टांगलाय. काका, उद्या कुणी माझ्यासमोर रडत चुकीचा पुठ्ठा आणेल, तेव्हा त्याचा पुठ्ठा भिजला म्हणून मी सांगेन. आणि माझा डबा उघडेन.