शेवग्याच्या पाल्याला दाखवलेलं ऊन

तर झालं असं की आमच्या वारज्याच्या वन बीएचकेमधली एकुलती एक बेडरूम मीच बंद करून टाकली. फूड टेक्नॉलॉजीचं शेवटचं वर्ष, आणि प्रोजेक्ट काय, तर शेवग्याचा पाला उन्हात वाळवला तर त्यातलं बीटा कॅरोटीन, म्हणजे ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व बनतं ते, किती जातं आणि सावलीत वाळवला तर किती टिकतं! मामाने मांजरी गावाहून सकाळी खुडलेला पाला आणून दिला. अर्धा गच्चीत, एका दिवसात कुरकुरीत. उरलेला बेडरूममध्ये, आईच्या जुन्या साड्यांवर, पलंगभर आणि जमीनभर. खिडक्यांना जाड चादरी, पंखा चोवीस तास, लाइट बंद.

पाच दिवस आम्ही तिघं हॉलमध्ये. कपडे कपाटात, कपाट आत. बाबा ऑफिसला निघताना विचारायचे, "मॅडम, शर्ट मिळेल का, की त्याचंही जीवनसत्त्व जाईल?" मी तर बाहेरच पडू शकत नव्हते. दर दोन तासांनी अंधारात चाचपडत पाला हलवायचा, घामाने निथळत. डोक्यातसुद्धा तो हिरवा वास भरलेला.

सहाव्या दिवशी फक्त एका लेक्चरला गेले. परत येते तर बेडरूममध्ये लख्ख उजेड! आणि आई गच्चीतून परात घेऊन उतरतेय, चेहऱ्यावर नुसतं कौतुक.

"दुपारभर कडक ऊन दाखवलं बघ. डब्यात भरायच्या आधी दाखवावंच लागतं, नाहीतर अळ्या होतात."

"आई, तो सावलीतला होता!"

"मग? पाच दिवस होताच की सावलीत."

पाला पिवळट पडला होता. सॅम्पल उद्या सकाळी कॉलेजच्या लॅबमध्ये तपासायला द्यायचं होतं. मैत्रीण फोनवर म्हणाली, "लेबलवर सावली लिही ना, कोण बघतंय!" मी लिहिलंसुद्धा. मग खोडलं. मशीनला कळणारच होतं, आणि नसतं कळलं तर माझा अख्खा प्रोजेक्ट खोटं बोलला असता. सकाळी सरांना खरं सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "आपल्या आईंना प्रोजेक्टची कल्पना दिली होतीत का? आता सॅम्पल पुढच्या शुक्रवारी द्या. शेवटची मुदत."

खरंच, मी सगळ्या जगाला सांगितलं होतं. आईला फक्त "आत येऊ नकोस" एवढंच.

म्हणून त्या संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून तिला सगळं सांगितलं, उजेडात काय जातं, का जातं. ती भाजी चिरायची थांबली.

"मग दर हिवाळ्यात मी मेथी वाळवते, गच्चीत, तिचंही जातं?"

"बरंचसं."

"आणि तुला लहानपणी चमचा चमचा घालायचे वरणात, ते?"

मी तिच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेली भाजी चिरायला लागले.

मामा नवीन पाला घेऊन आला, तेव्हा चादरी आईनेच लावल्या, फटींना पिना टोचून. मग साडी खोचून ती माझ्याबरोबर आत आली आणि दार ओढून घेतलं. अंधारात तिचा हात पाल्यात फिरताना नुसता ऐकू येत होता. अजून पाच दिवस.