गोळीची सवत

आमचे सर पेशंटची नाडी धरायच्या आधी त्याच्या जेवणाची चौकशी करत. "सकाळपाईन काय खादं?" हा पहिला प्रश्न. त्यामुळे धुळ्याच्या आमच्या हॉस्पिटलात पोरांनी त्यांचं नाव 'खानावळ' पाडलं होतं. सरांना ते ठाऊक होतं. कुणी उशिरा उगवला की शांतपणे म्हणत, "या, खानावळ कधीच उघडलीय."

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे पार्किन्सनला कुणी आजार म्हणत नसे. हात थरथरले, चाल मंदावली, चेहरा मख्ख झाला, की घरचे म्हणत, आबा आता थकले. सर अशी माणसं साक्री-शिरपूरकडून हुडकून दर मंगळवारी बोलावत आणि आम्हा शिकाऊ डॉक्टरांना शेजारी बसवून घेत. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. शिकवून तयार केलेला जो तो पुण्या-मुंबईला उडून गेला होता. आपल्यामागे या लोकांना कोण बघणार, हा घोर त्यांच्या जिवाला लागला होता. "यांना मुंबईला जा म्हणणं म्हणजे घरी पडून राहा म्हणणं," ते म्हणत.

शिकवणं म्हणजे बहुतेक आम्हाला गप्प बसवणं. अमळनेरच्या बडबड्या घरातली मी, माझ्यावर त्यांचा विशेष डोळा. पेशंटचं उत्तर यायला वेळ लागला आणि मी दुसरा प्रश्न काढला, की म्हणत, "बाई, त्यांचं पहिलं उत्तर अजून वाटेत आहे. त्याला येऊ द्या."

नरडाण्याजवळच्या एका गावचे नाना माझ्याकडे होते. गोळी चालू होती, पण गुण नाही. मी डोस वाढवला, पुन्हा वाढवला. नाना दारात थबकायचे आणि म्हणायचे, "पाय चिकटी गयात." घरचे औषध बंद करायच्या बेताला आले. सर मला म्हणाले, "डोस पुरे. आता घर बघू." एसटीनं गेलो. गोळीची वेळ झाली तशी नानांच्या बायकोनं, अक्कांनी, म्हशीच्या साईच्या दुधाचा भरलेला पेला आणला. "गोळी गरम पडस, म्हनीसनी दूधसंगे देस," त्या कौतुकानं म्हणाल्या. दुधानं ही गोळी अंगी लागत नाही. मी तोंड उघडणार, तोच सरांनी मला डोळ्यांनी दटावलं.

"अक्का, गोळी चांगली शे, दूधबी चांगलं शे," ते म्हणाले. "पन दोन्ही सवती शेत. एक पाटवर बसाडू नका."

अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर, दूध बऱ्याच वेळानं, असं ठरलं. पुढच्या महिन्यात नाना स्वतःच्या पायांनी आत आले. त्या दिवशी गावाहून परतताना एसटीत सर एवढंच म्हणाले होते, "रागावला असतात, तर उद्यापासून अक्कांनी तुमच्यापासून लपवून दूध दिलं असतं."

मेंदूविकाराच्या पुढच्या शिक्षणासाठी मला मुंबईत जागा मिळाली. सर परत या म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले नाहीत. मला त्याचा थोडा रागच आला. निवृत्तीनंतर ते घराच्या ओट्यावर मंगळवार चालवत राहिले. माझं शिक्षण संपत आलं, मुंबईतच एक चांगली नोकरी चालून आली, होकार कळवायचा तेवढा राहिला होता, आणि सर गेल्याचं कळलं.

त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले, तो नेमका मंगळवार होता. ओट्यावर माणसं बसली होती. त्यांत नाना आणि अक्काही. मला वाटलं, सर गेल्याचं यांना कुणी सांगितलं नसावं. मी अक्कांजवळ जाऊन हळूच म्हणाले, "अक्का, सर आता नाहीत."

"ठाऊक शे," अक्का म्हणाल्या. "तुम्हनी वाट देखी ऱ्हायनूत. सर सांगी ग्यात, मनामांगे बाई येतीन."

मी कुणाला शब्द दिला नव्हता. सर माझ्या वतीनं तो परस्पर देऊन बसले होते, आणि मला मात्र कधी एका अक्षरानं अडवलं नव्हतं. आत जाऊन मी पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि ओट्यावर येऊन बसले.