नीलिमा आणि ऊन

नीलिमा गेल्याचं तिच्या मुलीने, ईशाने, फोनवर सांगितलं. ब्रेन हॅमरेज. मी ऑफिसात होते. "निघते," एवढंच म्हणाले... त्याला आता दीड महिना झाला.

न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चला आम्ही दोघी एकाच सुमाराला आलो. ती पुण्याची, स्ट्रक्चरल इंजिनिअर. भूकंपानंतर शहर नव्याने उभं राहत होतं, कामाला तोटा नव्हता. तिच्या अंगावर कोड होतं. लहानपणापासून पूर्ण बाह्या, बंद गळा. इथे उन्हाळ्यात सगळं गाव शॉर्ट्स आणि जॅन्डल्सवर, म्हणजे रबरी चपलांवर, हिंडायचं, तेव्हाही ही मनगटापर्यंत बटणं लावून. ईशा नोकरीला लागल्यावर तिला म्हणायची, "लव्ह युअर बॉडी, मम्मा!" नीलिमा नुसती हसायची.

मग शेजारच्या मार्गारेटने तिला आपल्या क्लबात नेलं. शहराबाहेर, झाडांच्या आड पोहण्याचा तलाव, आणि कुणाच्याच अंगावर कपडे नाहीत. हे ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला.

"अगं, लाज नाही वाटली?"

"वाटली ना. पोहायचे टॉग्ज घालून एकटी कडेला बसले होते. मग लक्षात आलं, त्या टॉग्जमुळेच मी वेगळी दिसतेय. काढले. एका आजींना एकच स्तन, एकाच्या पोटावर हा एवढा व्रण. कुणी बघतच नाही गं. ईशा म्हणते शरीरावर प्रेम कर. ते मला कधी जमलं नाही. पण तिथे दुपारभर मला शरीर आहे, हेच विसरले."

इथल्या मराठी मंडळात कुजबुज व्हायची ती झालीच. पुढच्या गणपतीला नीलिमा बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये आली आणि प्रसादाचं ताट घेऊन फिरू लागली. एकीने पुढे केलेला हात मागे घेतला. नीलिमा पुढे गेली नाही. ताट तसंच धरून म्हणाली, "घ्या. हे लागत नाही कुणाला." बाईंनी मोदक उचलला.

मी त्या क्लबात कधी गेले नव्हते. परवा ईशाबरोबर गेले, दोघी कपड्यांतच. कुणी काही म्हटलं नाही. कोडाला ऊन सोसत नाही, म्हणून नीलिमाने तलावाकाठी सनस्क्रीनची पंपाची मोठी बाटली आणून ठेवली होती, सगळ्यांसाठीच. ती अजून तिथेच आहे. "आमच्या सगळ्यांच्या पाठीला नीलिमाच लावायची," मार्गारेट म्हणाली आणि सवयीने पाठ करून उभी राहिली... मग तिच्या लक्षात आलं. ती वळणार, तेवढ्यात ईशाने बाटलीचा पंप दाबला.