उभी राहिलेली गाय

काळी पुन्हा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण न राहता परत माजावर आली, तेव्हा आक्कांच्या धाकट्या दिरांनी गोठ्याच्या दारातच विषय काढला.

"वहिनी, या खेपेला नाही राहिली तर मी व्यापाऱ्याला बोलावणार. दूध तांब्याभर आणि वैरण पाटीभर. किती दिवस पाहुणचार करायचा?"

आक्कांना राग आला. काळीची आई व्यायली आणि गेली. काळीला आक्कांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. नवरा ट्रकवर, घरी येऊन-जाऊन. त्यामुळे दोन गाई आणि त्यांचे नखरे आक्कांच्याच गळ्यात. खुराक बदलून झाला, औषधं झाली, शेजारणींचे सल्ले झाले. काळी मात्र अधूनमधून हंबरून गोठा डोक्यावर घ्यायची, अंगणात सोडली की दुसऱ्या गाईवर, तांबडीवर चढायची, आणि आक्का हातातलं शेण तसंच ठेवून रेतनवाल्या डॉक्टरांना बोलावणं धाडायच्या.

तांबडीचा घोर नव्हता. ती आधीच भरवलेली, त्यानंतर गप्प झालेली, म्हणजे गाभणच. डॉक्टर तिला तपासू म्हणाले की आक्का आडव्या यायच्या. गाभण गाईला उगाच हात लावू द्यायचा नाही, यावर त्या ठाम होत्या.

डॉक्टर आले. काळीला तपासून त्यांनी हातमोजा काढला.

"आक्का, ही माजावर नाही. मागच्या खेपांनाही मला शंका होती, पण तुमच्या शब्दावर भरवली."

"मी डोळ्यांनी बघितलं. चढत होती."

"तांबडीवर? मग तांबडी काय करत होती?"

आक्कांना आठवलं. तांबडी काहीच करत नव्हती. उभी होती, पाय रोवून, जागची न हलता. 'बिचारी पोटुशी, किती सोसते,' असं म्हणत आक्काच दर वेळी काळीला काठीनं हुसकायच्या.

"चढते तिच्यापेक्षा, चढू देऊन उभी राहते तिच्याकडे बघायचं. माजावर तीच असते," डॉक्टर म्हणाले. "मीही खालची कोण, हे कधी विचारलं नाही."

तांबडीला तपासलं. रिकामी होती, आणि माजावर.

दीर कपाळाला हात लावून हसले, पण त्यात हसू नव्हतं. "म्हणजे तांबडीच्या माजाची चहाडी सांगणारीलाच आपण इतके महिने सुया टोचतोय."

डॉक्टरांनी तांबडीला भरवलं. काळीचं काय, असं आक्कांनी विचारलं, तर ते म्हणाले की तिचा माज मुका असेल, बाहेरून दिसत नसेल; हंबरण्यावर जाऊ नका, नजर ठेवा. दिरांनी व्यापाऱ्याचा विषय पुन्हा काढला नाही, पण सोडलाही नाही. या खेपेला म्हणालो होतो, ही खेप झालीच नाही, असं काहीतरी पुटपुटत ते वैरण आणायला गेले.

तेव्हापासून सकाळी धारा झाल्या की आक्का दोन्ही गाई अंगणात सोडतात आणि पाट घेऊन बसतात. चहा गार होतो. कधी तांबडी येऊन काळीच्या पाठीवर हनुवटी टेकते. आक्का श्वास रोखतात. काळी अंग झटकून पुढे निघून जाते.

"इतका धिंगाणा घालतेस," आक्का चिडून म्हणतात, "एकदा उभी राहा ना गं बाई. विकतील तुला."