पेशंट गप्प, घरचे बोलतात

विश्रांतवाडीत माझा जनावरांचा दवाखाना आहे. केसपेपरचे गठ्ठे दरवर्षी रद्दीत जातात, पण त्यांवर जे लिहिता येत नाही ते माझ्या डोक्यात साठत राहतं. कोणी चहाला भेटलं की मग मला थांबवणं अवघड.

एक निवृत्त बँक मॅनेजर पिशवीत गोल्डफिश घेऊन आले. मासा एका कुशीवर तरंगत होता.

"दोन दिवस वाटलं, माझाच चष्मा बिघडलाय."

मी म्हटलं, पोट बिघडलंय. आज उपास, उद्यापासून वाफवलेला मटार, साल काढून.

"एकेका दाण्याची साल काढायची?"

"हो."

त्यांनी पिशवी उचलली. "चाळीस वर्षं संसार झाला. मला कोणी शेंगसुद्धा सोलून दिली नाही."

मासा तिसऱ्या दिवशी सरळ झाला.

साठेबाई शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांच्या मोतीच्या पंजात काच घुसली होती आणि तो कुणाला हात लावू देईना. बस, सिट, बैठ, सगळं म्हणून झालं. मोती नुसता गुरगुरत होता.

"डॉक्टर, त्याला अरे-तुरेची सवय नाही," बाई शांतपणे म्हणाल्या.

माझे कंपाउंडर कदम एरवी कुणालाच अहो म्हणत नाहीत. पण ते खाली वाकले. "अहो मोती, बसता का जरा?"

मोती बसला. पंजाही पुढे केला. काच निघाली.

जाताना बाई कदमांना म्हणाल्या, "बघा, जमतं की तुम्हाला."

शेखसाहेबांचं बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. त्यांच्या घरातल्या इन्व्हर्टरची बीप काही थांबेना. दोन बॅटऱ्या बदलल्या. तिसरी बसवताना बीप पाठीमागून आली. पाठीमागे होता त्यांचा कॉकाटील, आवाजांची नक्कल करणारा छोटा पोपट, पिंजऱ्यात.

मी तपासला. पक्षी ठणठणीत.

"मग तसं सर्टिफिकेट द्या," शेखसाहेब म्हणाले. "बीप हाच करतो, असंही लिहा. बायको म्हणते, मला दुरुस्ती येत नाही."

दिलं लिहून. सही-शिक्क्यासकट.

हडपसरच्या नानांच्या शेतावर टॉवर उभा राहिला. बदल्यात मिळालेले फ्लॅट नानांनी मुलांना दिले आणि स्वतःसाठी बेसमेंटमधली एक पार्किंगची जागा ठेवली. तिथे त्यांची म्हैस राहते, गौरी.

एकदा नानांचा फोन आला. "डॉक्टरीणबाई, चार दिस झालं, गौरी पान्हा सोडंना."

मी गेले. ताप नाही, कास मऊ, चारा खातेय. धाकटा मुलगा तिथेच उभा होता, गाडीची किल्ली बोटावर फिरवत. "आटली म्हणजे विकायचीच ना?" नानांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"चार दिवसांपूर्वी इथे काय बदललं?" मी विचारलं.

"काय बी नाय. शेजारची लिफ्ट तेवढी दुरुस्त झाली."

आधी लिफ्टचं दार रोज अडकायचं आणि आतली रेकॉर्डिंगमधली बाई एकसारखी बोलत राहायची. धारेच्या वेळीही. आता दार नीट लागतं, बाई गप्प.

मी नानांच्या थोरल्या सुनेला खाली बोलावलं आणि काय करायचं ते सांगितलं. ती आधी माझ्याकडे, मग सासऱ्यांकडे बघत राहिली. शेवटी पदर खोचून गौरीच्या कानाशी वाकली.

"कृपया दरवाजा बंद करा."

गौरीने मान वळवली.

"कृपया दरवाजा बंद करा."

बादलीत धार वाजली. नाना मान वर न करता म्हणाले, "सूनबाई, थांबू नगंस."