कोंबडीला भिणाऱ्या ताई

"तू धर, मी सांगते!" असं म्हणत ताई दोन पावलं मागे सरकल्या, की समजायचं, कोंबडी जवळ आली आहे.

गावोगावच्या बायकांना सुधारित कुक्कुटपालन शिकवणं ही ताईंची नोकरी. मूळच्या अमरावतीकडच्या, नवऱ्याच्या हवाई दलातल्या बदलीमुळे चंदीगडला आलेल्या. मी त्यांचा सहकारी, जनावरांचा डॉक्टर. माझ्या स्कूटरवर बसून आम्ही मनीमाजऱ्यापलीकडच्या गावांत जायचो. खुराड्यात वारा कसा खेळवायचा, पिल्लांना ऊब कशी द्यायची, हे ताई इतकं रंगवून सांगायच्या, की ऐकणाऱ्या बायकांची चुलीवरची डाळ करपायची. फक्त स्वतः कोंबडीला हात लावायच्या नाहीत. तिने पंख फडफडवले, की ताई थेट खाटेवर! तुम्ही पाहिलं असतंत, तर तुम्हालाही हसू आवरलं नसतं.

एकदा आमच्या एका गावाच्या शेजारच्या गावात मानमोडी आली. कोंबड्या माना टाकून मरू लागल्या. आम्ही लस घेऊन आमच्या गावात धावलो, तर तिथल्या बायका आपापली कोंबडी कवटाळून बसलेल्या. लशीनेच कोंबड्या मरतात, अशी आवई उठली होती. सगळ्यांत वडीलधाऱ्या बाई, ज्यांना सारं गाव बीजी म्हणायचं, त्या ताईंना म्हणाल्या, "मॅडमजी, जिस मुर्गी को आप हाथ नहीं लगाते, उसकी दवाई हम क्यूं मानें?"

मी पुढे होणार, तोच ताईंनी मला अडवलं.

"थांब. मी धरते."

बीजींनी मुद्दाम सगळ्यांत खाष्ट लाल कोंबडी आणून दिली. ताईंनी ती मांडीवर घेतली, डोळे गच्च मिटले आणि पुटपुटायला लागल्या, "उगी राय वं माय, उगी राय!" कोंबडी खरंच गप्प झाली. ताईंनी हळूच एक डोळा उघडला, तिच्या डोळ्यात लशीचा थेंब टाकला आणि कोंबडीने तिथेच, त्यांच्या मांडीवर, अंडं घातलं.

ताईंची किंकाळी मोहालीपर्यंत गेली असणार. बायका हसून लोळल्या. बीजींना ठसका लागला.

मग रांगच लागली. गंमत म्हणजे थेंब टाकताना प्रत्येक पंजाबी बाई "उगी राय वं माय" म्हणू लागली. त्यांना वाटलं, हाही लस देण्याचाच भाग! मी खुलासा करायला निघालो, तर ताईंनी मला चिमटा काढला. "राहू दे रे. मंत्र पक्का लागू पडतो."

त्या गावातल्या कोंबड्या वाचल्या.

मागच्या वर्षी ताईंच्या यजमानांची बदली झाली आणि ताई गेल्या. परवा बायकांनी मला त्यांना व्हिडिओ कॉल लावायला लावला. नवी पिल्लं दाखवायची होती. ताई दिसताच एकच गलका झाला आणि नेटवर्क गेलं. पडद्यावर त्यांचा हसरा चेहरा तसाच थिजून राहिला. मी फोन खाली घेऊ लागलो, तर बीजींनी माझं मनगट धरलं. एकेक बाई पुढे येत राहिली, ओंजळीतलं पिल्लू त्या चेहऱ्यासमोर धरत राहिली.